एका पात्यामागे बारा टन

घाट चढताना ड्रायव्हर दुसरा गिअर टाकतो आणि सपाटीला लागल्यावर चौथा-पाचवा. इंजिन तेच, चाके तीच. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत कसा पोचवायचा, एवढेच बदलते. छोट्या विमानाची अडचणही नेमकी हीच असते. धावपट्टीवरून उठताना वेग कमी आणि ओढ भरपूर हवी. वर गेल्यावर ओढ थोडी कमी चालते, पण वेग हवा. विमानात मोटारीसारखा गिअर बदलता येत नाही. ते काम नाकावरच्या पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, पाती करतात. ती मुळाशी थोडी वळतात आणि हवा कापण्याचा कोन बदलतात. या कोनाला ‘पिच’ म्हणतात आणि उडता उडता तो बदलता येईल अशा पंख्याला ‘व्हेरिएबल पिच प्रोपेलर’.

मोठ्या विमानांच्या देखभालीसाठी कंपन्यांकडे तज्ज्ञांची फौज असते. पण जगात हजारो छोटी विमाने अशी आहेत, की ती कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये, फावल्या वेळात, स्वतःच्या हातांनी बांधलेली असतात. अमेरिकेत या छंदाला मोठी परंपरा आहे. हौशी विमानबांधणी करणाऱ्यांची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत सुरू केली. तिचा ऑशकॉश इथला वार्षिक मेळा आज जगप्रसिद्ध आहे. ऑरेगन राज्यातल्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ या एकाच कंपनीच्या सुट्या भागांच्या संचांतून आजवर ११ हजारांहून अधिक विमाने बांधून उडाली आहेत. आपल्याकडे हे वेड दुर्मीळ, पण अगदीच अनोळखी नाही. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, ते २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याला नोंदणी मिळाली.

अमेरिकेतला कायदा अशा हौशी माणसावर मोठा विश्वास टाकतो. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग त्याने स्वतः बांधलेला असेल, तर त्या विमानाची दर १२ महिन्यांनी करायची तपासणी करण्याचा परवानाही त्याला मिळू शकतो. ही मुभा मोलाची आहे. पण विमानाच्या नाकावर एक असे यंत्र बसलेले असते, की त्याच्यापुढे हुशार हातांनीही थोडे थबकावे. ते यंत्र कसे चालते, बिघडले की कशी लक्षणे दाखवते आणि त्यात स्वतः कुठवर हात घालावा, हे समजून घेण्यासारखे आहे.

कोनाची करामत

प्रोपेलरचे पाते म्हणजे गोल फिरणारा छोटा पंखच. पंखाप्रमाणेच त्यालाही हवा विशिष्ट कोनातून लागली तरच चांगली ओढ मिळते. विमान उभे असते तेव्हा हवा पात्याला एका दिशेने लागते. ताशी ३०० किलोमीटर वेगाने पुढे जाताना तीच हवा अगदी वेगळ्या दिशेने येते. पाती एकाच कोनात पक्की बसवलेली असतील, तर उड्डाण आणि प्रवास या दोन्हींत तडजोड करावी लागते. घरगुती विमानांत वापरल्या जाणाऱ्या १८० अश्वशक्तीच्या इंजिनावरचा ठरावीक पंखा घेतला, तर त्याची पाती उठताना साधारण १२ ते १५ अंशांवर असतात आणि गरजेनुसार ३० अंशांच्या आसपास वळू शकतात. पहिल्या स्थितीला ‘फाइन पिच’ म्हणतात, दुसऱ्याला ‘कोर्स पिच’. फाइन म्हणजे घाटातला गिअर, कोर्स म्हणजे हमरस्त्यावरचा.

याचे महत्त्व विमानविद्येला १९३०च्या दशकात पटले. १९३३ मध्ये आलेले बोइंग २४७ हे प्रवासी विमान वायोमिंगमधल्या शायेनसारख्या उंचावरच्या विमानतळांवरून उठताना धापा टाकत असे. हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीच्या फ्रँक कॉल्डवेल यांचा कोन बदलणारा पंखा बसवल्यावर उठण्यासाठी लागणारी धाव सुमारे एक पंचमांशाने कमी झाली. त्या वर्षीची मानाची ‘कॉलियर ट्रॉफी’ या पंख्याला मिळाली. पुढे १९४०च्या उन्हाळ्यात ब्रिटनवर हवाई हल्ल्यांचे सावट असताना डी हॅविलंड कंपनीच्या माणसांनी काही आठवड्यांत हजाराहून अधिक स्पिटफायर आणि हरिकेन विमानांचे पंखे जागेवरच सुधारून दिले. आधीच्या पंख्यांना दोनच कोन होते. नव्या रचनेत पाती आपोआप हवा तो कोन घेऊ लागली.

तेलावर चालणारा मेंदू

पाती आपोआप वळतात ती ‘गव्हर्नर’ नावाच्या, मुठीत मावेल एवढ्या यंत्रामुळे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाचा वेग स्थिर ठेवण्यासाठी फिरत्या गोळ्यांची जी युक्ती वापरली, तीच इथे आहे. इंजिनाने फिरणारी दोन छोटी वजने वेग वाढला की बाहेर फाकतात आणि वेग घटला की आत येतात. त्यांच्या विरुद्ध एक स्प्रिंग असते. वैमानिकाने कॉकपिटमधला निळ्या मुठीचा दांडा पुढे-मागे केला की या स्प्रिंगचा ताण बदलतो. ‘मिनिटाला २,४०० फेरे ठेव’ हा हुकूम गव्हर्नरला असा मिळतो.

हुकूम पाळण्यासाठी तो इंजिनाचेच तेल वापरतो. त्याच्यातला पंप तेलाचा दाब चौरस इंचाला २७५ ते ३०० पौंडांपर्यंत वाढवतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हा नऊपट आहे. हे तेल इंजिनाच्या पोकळ दांड्यातून पंख्याच्या मध्यभागी, म्हणजे हबमध्ये, जाते आणि तिथला दट्ट्या ढकलून पाती वळवते. फेरे वाढले की पाती जास्त तिरकी होतात, हवेचा भार वाढतो आणि फेरे पुन्हा जागेवर येतात. फेरे घटले की याच्या उलट.

इथे मालकाने आपल्या पंख्याची एक गोष्ट पाठ करून ठेवावी: तेल गेले, तर पाती कुठे जातील? बहुतेक साध्या एक इंजिनी विमानांत ती फाइन पिचकडे जातात. त्यामुळे ओढ शाबूत राहते, पण वेगात असाल तर इंजिन मर्यादेबाहेर पळू लागते. कसरतीच्या विमानांत रचना उलटी असते. तेल गेले की पाती कोर्सकडे जातात. बिघाड तोच, पण कॉकपिटमध्ये दिसणारे लक्षण अगदी विरुद्ध.

हलक्या, रोटॅक्स इंजिनाच्या विमानांत अनेकदा तेलाऐवजी विजेची मोटर हे काम करते. न्यूझीलंडची एअरमास्टर आणि जर्मनीची एमटी या कंपन्यांचे असे पंखे हौशी मंडळींत लोकप्रिय आहेत. त्यांत फिरत्या पंख्यापर्यंत वीज नेण्यासाठी तांब्यासारख्या धातूची कडी आणि तिच्यावर घासणारे कार्बनचे ब्रश असतात, घरातल्या मिक्सरमध्ये असतात तसेच.

आकडे काय सांगतात

या यंत्रावर केवढा ताण असतो, ते थोड्या गणिताने कळते. ७२ इंच व्यासाचा पंखा मिनिटाला २,७०० फेरे घेतो, तेव्हा पात्याचे टोक ताशी सुमारे ९३० किलोमीटर वेगाने फिरत असते. पाच किलोचे पाते आणि त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून ३० सेंटिमीटरवर, असे धरले तर ते हबमधून बाहेर खेचले जाण्याची ओढ १२ टन भरते. म्हणजे भरलेला ट्रक एका पात्याच्या मुळाशी लोंबकळतो आहे, आणि तरीही ते पाते आपल्या जागी अलगद वळायचे आहे. टोकाला तर प्रत्येक ग्रॅम वजन ७ किलोंहून जास्त ओढ देते.

म्हणूनच पात्याच्या पुढच्या धारेवर खड्याने पाडलेली तांदळाएवढी खाच ही निव्वळ दिसण्यापुरती बाब नसते. धातूतला सगळा ताण त्या खाचेच्या टोकाशी गोळा होतो. पोस्टाच्या तिकिटांचा कागद भोकांच्या रांगेवर फाटावा, तशी तिथून तडा जायला सुरुवात होते. दर फेऱ्याला केसाच्या अंशाएवढी वाढत वाढत ती एक दिवस पात्याचे टोक घेऊन जाते. टोक गेले की पंखा इतका असमतोल होतो, की इंजिन आपल्या बैठकीतून उखडू शकते.

लक्षण एक, कारणे अनेक

डॉक्टर ताप आला म्हणून थेट ऑपरेशन करत नाही. आधी थर्मामीटर लावतो, मग रक्त तपासतो. प्रोपेलरच्या बाबतीत हाच क्रम पाळला, तर पैसा आणि जीव दोन्ही वाचतात. हौशी विमानांत वारंवार दिसणाऱ्या तक्रारी पाहू.

पहिली तक्रार: पूर्ण जोर दिला तरी फेरे पुरेसे चढत नाहीत. २,७०० हवेत, २,५५०वरच अडते. अशा वेळी संशय पंख्यावर जातो. पण आधी फेरे मोजणारा काटा तरी खरा आहे का, ते पाहावे. जुने यांत्रिक टॅकोमीटर वयाबरोबर खोटे बोलू लागतात. पात्यांच्या सावल्या मोजणारे छोटे ऑप्टिकल उपकरण मिळते, त्याने पडताळणी करता येते. काटा बरोबर निघाला, तर एक सोपी कसोटी आहे. विमान जागेवर बांधून पूर्ण जोर द्यायचा आणि प्रोपेलरचा दांडा किंचित, अर्धा इंचभर, मागे घ्यायचा. फेरे लगेच घटले, तर गव्हर्नरच त्यांना अडवतो आहे. त्याची कमाल मर्यादा कमी लावलेली आहे. काहीच फरक पडला नाही, तर पाती फाइन पिचच्या अडसरावर टेकलेली आहेत. म्हणजे तो अडसर चुकीच्या कोनाला बसला आहे किंवा इंजिनच पुरता जोर देत नाही. एका हालचालीत संशयितांची यादी निम्मी होते. उभ्या विमानात फेरे थोडे कमी भरणे आणि धावताना ते पूर्ण होणे हे मात्र अनेक जोडण्यांत स्वाभाविक असते.

घरगुती विमानात याच तक्रारीचे खास घरगुती कारण असते. कॉकपिटमधल्या दांड्यापासून गव्हर्नरपर्यंतची केबल मालकानेच बसवलेली असते. दांडा पॅनेलला आधी टेकला आणि गव्हर्नरचा हात आपल्या अडसरापर्यंत पोचलाच नाही, तर पूर्ण फेरे कधीच मिळणार नाहीत. म्हणून दांडा पूर्ण पुढे असताना पॅनेलपासून दोन-तीन मिलिमीटर फट राहायला हवी. हजारो रुपयांच्या दुरुस्तीआधी हे दोन मिलिमीटर पाहावेत.

दुसरी तक्रार: फेरे हेलकावे खातात. काटा वर जातो, खाली येतो, स्थिर राहत नाही. पंखा नुकताच काढून बसवला असेल, तर हबमध्ये हवा अडकलेली असू शकते. जमिनीवर दांडा तीन-चार वेळा मागे-पुढे केल्यावर ती निघून जाते. त्यानंतरही हेलकावे राहिले, तर गव्हर्नरमधला झडपेचा दांडा गाळाने अडखळत असेल, केबल घट्ट चालत असेल किंवा इंजिनच चुकत असेल. इंजिनाची ठिणगी किंवा इंधन अडखळले, तरी दोष पंख्याचाच वाटतो.

तिसरी तक्रार: वेग वाढला की फेरे वाढतात, नाक वर केले की घटतात. म्हणजे पाती वळतच नाहीत. महागडा पंखा साध्या पंख्यासारखा वागतो आहे. तेल हबपर्यंत पोचत नसावे. थंडीत घट्ट झालेले तेल हे निरुपद्रवी कारण. पोकळ दांड्यात साचलेला गाळ किंवा इंजिनाच्या पुढच्या बेअरिंगमधून होणारी दाबाची गळती ही गंभीर कारणे. उड्डाणाआधी इंजिन तापवून, १,७०० ते १,८०० फेऱ्यांवर दांडा मागे घेऊन फेरे घटतात का हे पाहायचे असते, ते यासाठीच. त्या चाचणीने गरम तेलही हबमध्ये जाते.

चौथी तक्रार: थरथर. इथे घाईने समतोलाची वजने लावण्याआधी दोन पाती एकाच रेषेत फिरतात का ते तपासावे. टोकाजवळ ठोकळा ठेवून पंखा हाताने फिरवायचा. दोन टोकांत दीड मिलिमीटरहून जास्त फरक नको. त्यानंतर कंपन मोजणारे यंत्र जोडून पंख्यामागच्या तबकडीवर छोटी वजने लावतात. नाकाची टोपी आणि तिची मागची तबकडी यांना तडे आहेत का, तेही पाहावे. कित्येकदा थरथरीचे मूळ तिथेच सापडते. काही इंजिन-पंखा जोड्यांना ठरावीक फेऱ्यांवर धोकादायक कंप सुटतो. लायकमिंग ओ-३६० इंजिन आणि हार्टझेलच्या धातूच्या दोन पात्यांच्या काही जोड्यांत २,००० ते २,२५० फेऱ्यांच्या दरम्यान सतत चालवू नये, अशी सूचना असते. ही बिघाडाची नव्हे, स्वभावाची गोष्ट आहे. टॅकोमीटरवर तिथे पट्टी रंगवून ठेवावी.

पाचवी तक्रार: डाग. पात्याच्या मुळापासून टोकाकडे ग्रीसची रेघ दिसली, तर आतले सील गेले आहे. नव्या किंवा नुकत्याच दुरुस्त पंख्यातून पहिल्या काही तासांत थोडे ग्रीस उडू शकते, नंतर नाही. मॅकॉली कंपनीच्या अनेक पंख्यांच्या हबमध्ये मुद्दाम लाल रंगाचे तेल भरलेले असते. तो रंग बाहेर दिसला की कुठेतरी सील फाटले आहे किंवा, त्याहून वाईट, हबला तडा गेला आहे. लाल रेघ दिसली की त्या दिवशी उड्डाण नाही.

विजेच्या पंख्यात बहुतेक तक्रारी त्या कड्या आणि ब्रशपाशी सुरू होतात. ग्रीस, धूळ आणि झिजलेल्या कार्बनची काळी भुकटी कड्यावर बसली, की वीज तुटक पोचते आणि पाती मध्येच थांबतात. कडी स्वच्छ कापडाने पुसणे, ब्रशची लांबी मोजणे, तारांच्या जोडण्या हलवून पाहणे आणि दोन्ही टोकांना मोटर बंद करणारी बटणे काम करतात का हे तपासणे, ही पहिली कामे. फ्यूज वारंवार उडत असेल, तर मोठा फ्यूज टाकणे हा उपाय नव्हे. पाते मुळाशी जड झाले आहे, हे तो फ्यूज सांगत असतो.

रोजची निगा

रोजची निगा साधी आहे. उड्डाणाआधी पात्यांच्या पुढच्या धारेवरून नजर आणि बोट फिरवावे. त्याआधी इग्निशन बंद असल्याची खात्री करावी आणि तरीही पंखा जिवंत आहे असेच समजून उभे राहावे. विमानाच्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही; तो स्वतःच ठिणगी तयार करतो. त्याची जमिनीला जोडणारी तार तुटलेली असेल, तर चावी बंद असूनही हाताने फिरवलेला पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

धातूच्या पात्यावर छोटी खाच असेल, तर ती बारीक कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून सपाट करतात. खोलीच्या किमान दहापट लांबीत उतार द्यायचा, म्हणजे ताण गोळा व्हायला कोपरा उरत नाही. किती खोल खाच चालेल, हे कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. खाच भरून काढणे किंवा वाकलेले पाते हातोडीने सरळ करणे हे कधीही करायचे नाही. कार्बन किंवा फायबरच्या पात्यांसाठी नाण्याने टकटक करण्याची पद्धत आहे. आवाज टणक आला तर ठीक, बद्द आला तर आतले थर सुटले आहेत. मडके घेताना आपण ते वाजवून घेतो, तसेच हे.

खडी असलेल्या जागी विमान उभे ठेवून जोर देऊ नये. पंखा खडे शोषून घेतो. विमान हलवताना पाती धरून ओढू नयेत. दोन पात्यांचा पंखा उभा न ठेवता आडवा ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी खालच्या पात्याच्या मुळाशी साचत नाही. ग्रीसच्या जागा असलेल्या हार्टझेल पंख्यांना १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा ग्रीस द्यावे लागते. दोनांपैकी एक तोंड काढून ठेवायचे आणि दुसऱ्यातून हळू भरायचे. समोरचे तोंड न काढता पंपाचा जोर लावला, तर सील फुटतात. दोन प्रकारची ग्रीस एकत्र करणे हीदेखील नेहमीची घोडचूक.

न उडण्याचा धोका

कंपन्या पंख्याची संपूर्ण दुरुस्ती साधारण २,००० ते २,४०० तासांनी किंवा पाच-सहा वर्षांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, करायला सांगतात. हौशी मालकाला यातला पहिला आकडा लक्षात राहतो. वर्षाला ५० तास उडणाऱ्या विमानाला २,४०० तास व्हायला ४८ वर्षे लागतील! ‘माझा पंखा तर जेमतेम ३०० तास फिरला आहे’ हे वाक्य म्हणूनच फसवे असते.

झीज फिरल्याने होते, तसा गंज थांबल्याने चढतो. विमान महिनोन् महिने शेडमध्ये उभे असते. दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने हबमध्ये दमटपणा जमतो, ग्रीसमधले तेल सुटून वेगळे होते, रबराची सील सुकतात आणि पात्याच्या मुळाशी, जिथे बाहेरून काहीच दिसत नाही, तिथे धातूवर खड्डे पडू लागतात. असा खड्डा आणि खड्याने पाडलेली खाच यांत धातूच्या दृष्टीने काही फरक नाही. त्यावर तोच बारा टनांचा भार येतो. म्हणून कमी उडणाऱ्या विमानाच्या मालकाने घड्याळापेक्षा कॅलेंडर पाहावे.

हात कुठे थांबवावा

आता मूळ प्रश्न. स्वतः विमान बांधणारा माणूस रिव्हेट मारतो, तारा जोडतो, इंजिन बसवतो. मग हब का उघडू नये? कारण हबच्या आतले काम डोळ्यांनी तपासता येत नाही. बेअरिंगच्या खाचा, पात्याच्या मुळाची जाडी आणि न दिसणारे तडे पाहायला विशेष मोजमापे, प्रकाशमान द्रव आणि विद्युतप्रवाहाच्या चाचण्या लागतात. ती प्रोपेलर दुरुस्तीच्या खास कार्यशाळेची कामे. गव्हर्नरचेही तसेच, बाहेरचा मर्यादेचा स्क्रू पुस्तकाप्रमाणे फिरवावा, आत जाऊ नये. मालकाच्या वाट्याला येते ते मोजणे, पुसणे, पाहणे, ग्रीस देणे, बोल्ट योग्य ताणाने आवळणे आणि नोंद ठेवणे.

पंखा कशावर आदळला असेल, तर हात लगेचच थांबवावा. गवतातला खांब, उघडे राहिलेले शेडचे दार, काहीही असो. पाते बाहेरून सरळ दिसते आणि मालक सुटकेचा श्वास टाकतो. पण तो धक्का इंजिनाच्या दांड्यातून पार मागच्या गिअरपर्यंत गेलेला असतो. लायकमिंग इंजिनांसाठी अमेरिकी हवाई प्रशासनाने २००४ मध्ये आदेश काढला, की पंखा आदळल्यास दांड्याच्या मागच्या टोकाचा गिअर आणि त्याला धरणारा बोल्ट तपासलाच पाहिजे. आघात पुढे, इजा मागे, असा हा प्रकार.

उडताना फेरे अचानक मर्यादेबाहेर गेले, तर जोर ताबडतोब कमी करून, नाक थोडे वर घेऊन वेग घटवायचा, मग सोसेल तेवढ्याच जोरावर जवळच्या धावपट्टीकडे वळायचे. विजेच्या पंख्याच्या मोटरने ऐकणे सोडले, तर तिची वीज तोडायची. ही कृती आधी जमिनीवर मनाशी घोकलेली असावी. त्या क्षणी पुस्तक उघडायला वेळ नसतो.

एवढी काळजी फक्त उडणाऱ्यासाठी आहे, असेही नाही. १५ मार्च २०१० रोजी अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात हिल्टन हेड बेटाजवळ लँकेअर फोर-पी या घरगुती बांधणीच्या विमानाच्या काचेवर तेल पसरले आणि त्याचा पंखा हवेतच गळून पडला. जोर गेलेले विमान किनाऱ्याच्या वाळूवर उतरवावे लागले. आतले दोघेही बचावले. पण किनाऱ्यावर धावायला आलेल्या एका माणसाला विमानाची धडक बसली आणि तो जागीच गेला. त्याचा त्या विमानाशी काडीचाही संबंध नव्हता.

म्हणून हौशी मंडळींतली जाणती माणसे एक साधी वही ठेवतात. प्रत्येक उड्डाणाआधी चाचणीत किती फेरे मिळाले, दांडा ओढल्यावर किती घटले, तेलाचा दाब किती होता, एवढे तीन आकडे. एका दिवसाच्या आकड्यातून फारसे कळत नाही. पण सहा महिन्यांच्या रांगेत २,६८०, २,६८०, २,६७०, २,६४० असे दिसू लागले, की काहीतरी हळूहळू बिघडते आहे, हे थरथर सुटण्याच्या कितीतरी आधी समजते. मग कार्यशाळेला फोन करायला वेळ असतो, आणि तो फोन जमिनीवरूनच करता येतो.